एका पायाची पंचवीस मापं

बापूराव उंदिरवाडे गेले त्याला आठ दिवस झाले होते, आणि त्यांचं बहात्तर वर्षांचं आयुष्य दोन पानांत बसवायचं काम त्यांच्या नातीच्या, मनकर्णाच्या, गळ्यात पडलं होतं. रविवारी सिंदेवाहीच्या विहारात पुण्यानुमोदन होतं. वंदना व्हायची, चार माणसं बोलायची, आणि त्याआधी घरच्या कुणीतरी जीवनपरिचय वाचायचा. घरात शिकलेले आणखीही होते. पण मना शाळेत मास्तरीण, शिवाय लहानपणापासून आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, मागे "काऊन? काऊन?" असं विचारत फिरलेली. तिच्या बाबांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः मोकळे झाले.

पहिला परिच्छेद लिहायला तिला विचारही करावा लागला नाही. तो लोटीचाच असणार होता.

आबाजी कुष्ठरोगाच्या कामातले समाजसेवक. सायकलवर गावोगाव जायचं, एकेका घरातल्या प्रत्येक माणसाला उजेडात उभं करायचं, अंगावर चट्टा दिसला की त्यावर कोंबडीचं पीस फिरवून "समजते का?" विचारायचं, आणि वहीत नोंद करायची, असं त्यांचं काम. सन अठ्ठावनच्या उन्हाळ्यात ते चामोर्शीकडच्या बोरटोल्याला गेले. धर्मांतराला धड दोन वर्षंही झाली नव्हती. आपण बौद्ध झालो होतो, पण गावं जुनीच होती, आणि तिथं त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. त्या दिवशी मुखरू पाटलांनी त्यांना खाटेवर बसवलं आणि घरातली पितळेची लोटी थेट हातात दिली. आबाजी ही गोष्ट दर दसऱ्याला सांगत. सांगताना दोन्ही हात असे पुढे धरत, की ऐकणाऱ्याला लोटीचं वजन कळावं.

"मंग ती लोटी त्यायनं नंतर विस्तवात टाकली का, आबाजी?" सात वर्षांच्या मनाने एकदा विचारलं होतं. बाटलेलं भांडं विस्तवात टाकून शुद्ध करतात, हे तिने कुठूनतरी ऐकलं होतं. आबाजी हसले आणि म्हणाले, "मी वळून नाई पाह्यलं, बेटा."

आता तारखा हव्या होत्या म्हणून मनाने आबाजींची पत्र्याची पेटी उघडली. नेमणुकीचा कागद मिळाला, निवृत्तीचा मिळाला, आणि तळाशी सुतळीने बांधलेली एक गुंडाळी मिळाली. तिने सुतळी सोडली आणि मांडी घालून बसलीच.

प्रत्येक कागदावर एक पाय होता. जमिनीवर कागद ठेवायचा, त्यावर पाऊल ठेवायचं आणि कडेने पेन्सिल फिरवायची, तसा काढलेला. कागद हाती लागेल तो: कॅलेंडरचं मागचं पान, निवडणुकीचं पत्रक, दवाखान्याचा कोरा फॉर्म. पाय मात्र सगळीकडे डावाच. खाली आबाजींच्या तिरक्या अक्षरात फक्त साल. नाव नाही, गाव नाही.

मनाने सगळे कागद सालाप्रमाणे ओटीवर मांडले. १९६१ ते १९८५, पंचवीस भरले. पहिला पाय लहान मुलाचा होता, पाची बोटांचा. तो वाढत गेला. चौसष्टमध्ये करंगळी आखूड झाली, सहासष्टमध्ये नाहीशी झाली, पुढे तिच्या शेजारचं बोटही गेलं. सत्याहत्तरपासून मात्र बोटं होती तेवढीच राहिली होती. म्हणजे हे पंचवीस पाय नव्हते, एकच पाय होता. कुतूहलाने मनाची झोप उडवायला एवढं पुरेसं होतं. तिने आपला पाय एका कागदावर ठेवून पाहिला. तो पाय तिच्यापेक्षा बोटभर लहान होता.

"सापडला म्हणा एकदाचा," मागून आवाज आला. केसरबाई, तिची आजी, दारात उभी होती.

"तुले माहीत होतं, आजी?"

"पाय नोता माहीत. कोणीतरी हाये, एवढं माहीत होतं." केसरबाई खाली बसली आणि कागदांकडे बघत राहिली. "दर साल दिवाळी झाली का इस्तरीचा सदरा घालून चामोर्शीच्या बाजाराले जात. नोकरी होती तवाही, नोकरी सुटल्यावरही. मले एकदाही नेलं नाई. विचारलं का 'काम हाये'. अन् माह्या पायाचं माप त्या माणसानं जल्मात घेतलं नाई. प्लास्टिकची चप्पल आणे, तेही एक नंबर मोठी!"

"एखादा रोगी असन, आजी. बोटं पाह्य ना झडलेली."

"रोग्याचा कागद दवाखान्यात राह्यते, पेटीच्या बुडाशी नाई. हजारो रोगी पाह्यले त्यानं. बाकीच्यायचे पाय कुठी हायेत? एकच काऊन?"

प्रश्न विचारण्याचा मक्ता एरवी मनाचा. आज आजीने विचारला होता.

"रविवारी मी समोर बसीन," केसरबाई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "लोक म्हणतीन, असा माणूस होणे नाई. अन् मी मान हालवू? मले मालूम झालं पाह्यजे, मना. वाईट असलं तं वाईट. पण त्याच्याआधी मालूम झालं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी चामोर्शीचा बाजार होता. सकाळच्या एसटीने दोघी निघाल्या, गडचिरोलीला गाडी बदलली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून पडलं होतं. केसरबाईने खिडकीतून बाहेर पाहिलंही नाही. ती मांडीवरची पिशवी धरून होती आणि पिशवीत ती गुंडाळी होती.

बाजारात मनाने सरळ मोच्यांची रांग गाठली. पायाचं माप कागदावर काढून माणूस करणार तरी काय? पहिला मोची नाही म्हणाला, दुसराही नाही म्हणाला. तिसरा म्हातारा होता, त्याला सगळे चैतू म्हणत. त्याने कागद हातात घेतला, लांब धरला, आणि खालचं साल न वाचताच म्हणाला, "हे सत्याहत्तरचं. याच साली टाच बाहेर सरकली." मग त्याने वर पाहिलं. "बापूभाऊ काऊन नाई आले?"

मनाने सांगितलं. चैतूने हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली.

"कोणाचा पाय हाये हा, भाऊ?" केसरबाईने विचारलं.

"ते मले नाई मालूम."

"पंचवीस वर्सं जोडे शिवले अन् मालूम नाई?"

"पाय मालूम हाये, बाई. माणूस नाई मालूम." चैतूने पेटीतून मऊ रबराचा एक तुकडा काढून दाखवला. "आतून असं मऊ लावतो. खिळा एक नाई ठोकत, समदं शिवतो. या पायाले टोचलेलं समजत नाई. खिळा घुसला तरी दिवसभर तसंच चालत राहीन, अन् घाव सडून जाईन. मी बापूभाऊले म्हटलं, नाव तं सांगा. तं म्हणे, तू पाय ओळख चैतू, माणूस मी ओळखतो. बाजारात एकदा नाव फुटलं का त्या घरचं कोणी पाणी प्यात नाई. पण बाई हाये, एवढं मी चालीवरून सांगतो."

"बाई," केसरबाई म्हणाली. मनाला तिच्याकडे बघवलं नाही.

"एका बाजाराले माप आणून देत. पुढच्या बाजाराले जोड घेतला का बाजूच्या दुकानातून किरायाची सायकल घेत अन् बोरटोल्याच्या रस्त्यानं जात," चैतू म्हणाला. "यंदाचं माप नाई आणलं? पाय बदलते, बाई. जुन्या मापावर मी जोड बनवत नाई."

बोरटोला! मनाच्या डोक्यात लोटी वाजली. केसरबाईनेही ते नाव दर दसऱ्याला ऐकलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बाजारातून परतणारी एक बैलगाडी गाठली.

गावात शिरल्यावर मना अडली. बोटं झडलेली बाई कुठं राहते, असं भर रस्त्यात विचारणार कसं? केसरबाईने तिला मागे सारलं आणि हापशीवरच्या बायांना विचारलं, "बापूराव समाजसेवक इथी आले का कोणाच्या घरी उतरत?"

"मुखरू पाटलाच्या. अजून कुठी?" एक बाई म्हणाली. "पाटील तं गेले आता. त्यायची पोरगी हाये, बायनाबाई. भावाच्या घरी राह्यते."

अंगणात पस्तिशी ओलांडलेली एक बाई सुपात धान पाखडत बसली होती. अनोळखी माणसं पाहताच तिने लुगड्याचा काठ डाव्या पायावर ओढला, इतक्या सवयीने की मनाला त्याची लाज वाटली. तिच्या शेजारी काळे जोडे होते, खिळा नसलेले.

"मी बापूरावची बायको," केसरबाई म्हणाली. "ते गेले. नऊ दिवस झाले."

बायनाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. ती ओक्साबोक्शी रडायला लागली, धान पायाशी सांडलं तरी तिला भान नव्हतं. केसरबाई उभीच राहिली. रडणं थोडं ओसरलं तसं तिने विचारलं, आडपडदा न ठेवता, "तू माह्या माणसाची कोण?"

बायनाबाईने डोळे पुसले. "मी त्यायची चूक होय, बाई," ती म्हणाली.

मग तिने त्यांना खाटेवर बसवलं आणि सांगितलं. सन अठ्ठावनला ती आठ वर्षांची होती. नडगीवर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. समाजसेवक आल्याचं कळताच आईने तिला धानाच्या खोलीत कोंडलं. महारोग घरात निघाला तर घर वाळीत पडणार, ही भीती. बापूराव आले, खाटेवर बसले, पाणी प्याले. घरातली समोर असलेली माणसं त्यांनी तपासली. "घरात अजून कोणी हाये का?" हा प्रश्न ते प्रत्येक घरात विचारत. त्या घरात त्यांनी विचारला नाही. वहीत 'सर्व निरोगी' लिहिलं आणि गेले.

"तीन वर्सांनी माह्या पायात बाभळीचा काटा गेला. सांजपावेतो मले समजलंच नाई. घाव चिघळला तवा बापूभाऊ आले. या खाटेवर बसले अन् लहान लेकरावाणी रडले. म्हणे, पाटील, ज्या हातानं तुम्ही मले लोटी देल्ली, त्या हाताच्या माणसाले 'तुमच्या घरात महारोग हाये का' हे कसं विचारू? माह्या तोंडून निंघालंच नाई. जल्मात पह्यल्यांदा कोणी हातात पाणी देल्लं, अन् मी माहं काम विसरलो."

मनाच्या वहीतला पहिला परिच्छेद तिच्या डोळ्यापुढे आला. आबाजी पुढे धरत ते दोन हात आले. गोष्ट सांगताना ते लोटीवरच का थांबत, पुढं काय झालं ते का सांगत नसत, हे आता तिला कळलं.

"बाबा म्हणे, मी पोरगी लपवली, माही चूक. बापूभाऊ म्हणत, मी विचारलं नाई, माही. बाबा जित्ते होते तोपर्यंत दोघंही दर साल इथी बसून भांडत. माह्या बोटायचं कोणी काही म्हणे नाई!" बायनाबाई रडता रडता हसली. "रोग तं गोळ्यायनं पाच वर्सांत गेला. बोटं काही आली नाई. पण पाय राह्यला. त्यायनं राखला."

"मले काऊन नाई सांगतलं?" केसरबाईने विचारलं. हा प्रश्न ती बायनाबाईला विचारत नव्हती.

"मी म्हणो, बाईले आणा एकदा. तं म्हणत, केसरले लोटीची गोष्ट लय आवडते. पुढचं सांगतलं तं तिचं ते पाणी नासून जाईन. अन् एक सांगू? ते म्हणत, केसरच्या पायाचं माप घ्याची हिंमत होत नाई. लगेच विचारीन, कोणाचं माप घेता घेता शिकलात?"

"विचारलं असतं!" केसरबाई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पदर तोंडाला लावून तिने भरपूर रडून घेतलं.

मनाने गप्प बसायला हवं होतं. तेवढं शहाणपण तिच्यात होतंही. पण आतल्या घडवंचीवर पितळेची लोटी लखलखत होती, आणि सात वर्षांच्या पोरीने विचारलेला प्रश्न पंधरा वर्षं उत्तरावाचून पडला होता. तिच्या तोंडून तो निसटलाच. "बायनाबाई, त्या दिवशी ते गेल्यावर ती लोटी विस्तवात टाकली होती का?"

बायनाबाईचा चेहरा उतरला. तिने आधी केसरबाईकडे पाहिलं.

"सांग," केसरबाई म्हणाली.

"टाकली होती. आईनं टाकली. मी दाराच्या फटीतून पाह्यलं." ती थांबली. "अन् आणखी एक ऐकलं होतं. बापूभाऊ अंगणात सायकल लावून राह्यले होते, तवा बाबा आईले म्हणे, आपली लोटी दे मले. हातात पाणी देल्लं का तो खुश होईन, घरात कोण कोण हाये ते विचारणार नाई."

अंगणात सांडलेल्या धानावर चिमण्या उतरल्या होत्या. कुणीच त्यांना हाकललं नाही.

"आबाजीले हे माहीत होतं?" मनाने विचारलं.

"नाई. म्या सांगतलं नाई. दर साल म्हणो, आज सांगीन. सांगतलं असतं तं त्यायच्या मनावरचा भार उतरला असता, चूक तुमची नाई, तुमाले फसवलं, म्हणून. पण मंग लोटी गेली असती. लोटीचं नाव काढलं का त्यायचं तोंड कसं होये, तुमी पाह्यलं हाये ना, बाई? भार उतरवू का लोटी राहू देऊ, मले समजे नाई. म्हून राहून गेलं." तिने नाक पुसलं. "पण एकसष्टनंतर लोटी कधी विस्तवात नाई गेली. दर साल ते त्यातच पाणी प्यायचे अन् आमी बी. आई गेली तवा तिच्या तोंडात शेवटचं पाणी बापूभाऊनं घातलं, याच लोटीनं. ते तं खोटं नोतं ना?"

केसरबाई म्हणाली, "तहान लागली मले."

बायनाबाई लंगडत आत गेली आणि लोटी भरून घेऊन आली. केसरबाईने ती दोन्ही हातांनी घेतली. क्षणभर तशीच धरली, मनाला वाटलं ती वजन बघते आहे. मग तिने अर्धी पिऊन उरलेली मनाला दिली.

"कागद काढ," ती म्हणाली.

मनाने वहीतलं कोरं पान फाडून जमिनीवर ठेवलं. बायनाबाईने पायावरचा काठ बाजूला केला. केसरबाईने आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. मनाने हात पुढे केला तर तिने तो ढकलला. खाली वाकून, मध्येच कंबर धरून, तिने त्या तीन बोटांच्या पायाभोवती रेघ ओढली. रेघ जागोजागी हलली होती. तिने ती दोनदा गिरवली आणि मनाला म्हणाली, "साल लिही. अन् जाता जाता हा कागद चैतूले देजो, सांगजो, मी पुढच्या बाजाराले येतो, जोड मीच नेऊन देतो."

परतीच्या गाडीत अंधारून यायला लागलं तेव्हा मनाने विचारलं, "आजी, मी रविवारी काय वाचू?"

"लोटीचं वाच. अन् त्यानं विचारलं नाई, तेही वाच. नाव घेऊ नको कोणाचं, पण वाच. चूक त्याची हाये, त्यानं पंचवीस वर्सं उन्हात सायकल हाणून भरली. लपवायची काऊन?"

"अन् विस्तवाचं?"

"ते नाई."

"पण ते खरं हाये, आजी."

"खरं हाये म्हून तं. त्या पोरीनं अठ्ठावीस वर्सं पोटात ठेवलं. आपल्याच्यानं एक रविवार नाई होणार?"

रविवारी विहार भरलं होतं. लांबच्या गावांतूनही माणसं आली होती, काहींच्या हातांची बोटं आखडलेली. मनाने लोटीपासून सुरुवात केली. मग पुढचं वाचलं: त्या घरी एक प्रश्न विचारायचा राहिला, एका मुलीचा पाय त्यात गेला, आणि आबाजी दर वर्षी त्या पायाचं माप घ्यायला जात राहिले.

शेजारच्या शकुबाईला राहवलं नाही. ऐंशीला टेकलेली म्हातारी, ओंजळीत पाणी पिऊन मोठी झालेली. ती मधूनच मोठ्याने म्हणाली, "ते जाऊ दे पोरी. पह्यले हे सांग, त्या माणसानं मंग लोटी विस्तवात टाकली का नाई?"

सगळ्यांच्या माना मनाकडे वळल्या. जन्मभर प्रश्न विचारलेल्या मनाच्या हातात आता उत्तर होतं. तिने समोर बसलेल्या आजीकडे पाहिलं.

"आबाजींनी वळून नाई पाह्यलं, शकुबाई," ती म्हणाली.

पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यातल्या केसरबाईने मान हलवली.